एका कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस? भांडण कसं ओळखायचं आणि कसं मिटवायचं



घरात मोबाईल सगळ्यात जास्त कळतो तो तुम्हाला. त्यामुळे घरातला कॉम्प्युटर बिघडला की हाकही तुम्हालाच येते. "अरे, जरा बघ ना, फार स्लो झालाय." तुम्ही बघायला बसता. एक फोल्डर उघडायला अर्धा मिनिट लागतोय, पंखा जोरात फिरतोय आणि घड्याळाजवळच्या कोपऱ्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुरक्षेची चिन्हं बसलेली आहेत. बाबा अभिमानाने सांगतात, "दोन अँटीव्हायरस टाकलेत, डबल सेफ्टी!"

खरी अडचण नेमकी तिथेच असते. दोन कुलपं लावली की दार जास्त पक्कं होतं, पण दोन अँटीव्हायरस लावले की कॉम्प्युटर जास्त सुरक्षित होतोच असं नाही. बरेचदा उलटंच होतं. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, मशीन रडायला लागतं, वैतागून कोणीतरी दोन्ही बंद करून टाकतं आणि मग कॉम्प्युटरला राखणदारच उरत नाही. आजच्या लेखात हे भांडण का होतं, कसं ओळखायचं आणि कोणत्या क्रमाने मिटवायचं ते बघू. लेख विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. शेवटी फोनबद्दलही थोडं आहे.

दुसरा अँटीव्हायरस येतो कुठून?

बहुतेक घरांत कोणी ठरवून दोन अँटीव्हायरस टाकत नाही. ते जमा होतात.

पहिला तर विंडोजमध्येच असतो. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस विंडोजसोबत फुकट मिळतो. त्याआधीच्या विंडोज ७ मध्ये डिफेंडर नावाचा प्रोग्राम होता, पण तो फक्त स्पायवेअर शोधायचा. त्यामुळे "विंडोजला अँटीव्हायरस विकत घ्यावाच लागतो" हा समज त्या काळापासून आपल्या डोक्यात बसलेला आहे.

दुसरा येतो नवीन लॅपटॉपसोबत, काही दिवसांची ट्रायल म्हणून. तिसरा दुकानदार देतो. आपल्याकडे कॉम्प्युटर घेताना वर्षभराची की असलेलं अँटीव्हायरसचं पाकीट सोबत घेण्याची पद्धत जुनीच. पुण्याची क्विक हील तर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशीच पोहोचली. चौथा येतो दुसरंच काहीतरी डाउनलोड करताना. इन्स्टॉलरमध्ये टिक केलेला एक छोटा चौकोन असतो, आपण नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो आणि एक फुकट "सिक्युरिटी स्कॅन" आत येतो. वर आणखी पीसी क्लीनर, व्हीपीएन, ब्राउझरमधलं "सेफ सर्च" एक्स्टेन्शन. हे सगळे स्वतःला सुरक्षेचे प्रोग्रामच म्हणवतात.

आतमध्ये नेमकं काय होतं?

अँटीव्हायरस दोन प्रकारे काम करतो. एक म्हणजे स्कॅन. तुम्ही बटण दाबलं की फाइल्स तपासायच्या आणि थांबायचं. दुसरं म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन. तुम्ही कोणतीही फाइल उघडली, कॉपी केली, डाउनलोड केली की ती तुमच्या हातात पडण्याआधी तपासायची. भांडण होतं ते या दुसऱ्या कामात.

फाइल उघडण्याच्या वाटेवर उभं राहायचं तर विंडोजच्या अगदी आत, म्हणजे कर्नलमध्ये शिरावं लागतं. त्यासाठी अँटीव्हायरस स्वतःचा एक ड्रायव्हर टाकतो. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. असे अनेक फिल्टर एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येकाला मायक्रोसॉफ्टने एक नंबर दिलेला असतो. त्याचं नाव अल्टिट्यूड, म्हणजे उंची. अँटीव्हायरसच्या फिल्टरसाठी ३,२०,००० ते ३,२९,९९८ ही जागा राखून ठेवलेली आहे. ज्याचा नंबर मोठा, त्याच्याकडे फाइल उघडण्याची विनंती आधी जाते.

आता समजा दोन अँटीव्हायरसची रिअल-टाइम तपासणी एकत्र चालू आहे. तुम्ही फोनमधले ५,००० फोटो कॉम्प्युटरवर कॉपी करताय. पहिला प्रत्येक फोटो तपासतो, मग दुसरा तोच फोटो परत तपासतो. काम दुप्पट. इथपर्यंत फक्त वेळ जातो. पण पहिल्याला तपासणीसाठी फाइल वाचायची असते. दुसऱ्याला ते दिसतं आणि तो म्हणतो, "थांब, ही फाइल कोणीतरी उघडतंय, आधी मी बघतो." त्याने वाचायला घेतली की पहिला परत सावध होतो. सोसायटीच्या गेटवर दोन वॉचमन आहेत आणि प्रत्येकजण दुसऱ्याला म्हणतोय की आधी तू माझ्या रजिस्टरमध्ये सही कर, असं समजा. गेटवर पाहुणा उभाच. नीट बनवलेले प्रोग्राम यातून वाट काढतात, पण काढता आली नाही तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात. याला डेडलॉक म्हणतात. तुम्हाला दिसतं ते एवढंच की माउस हलतोय पण काहीच उघडत नाहीये.

आणखी तीन ठिकाणी खटके उडतात.

एक, क्वारंटाइन. एकाने पकडलेली घाण बंद करून ठेवलेली असते किंवा व्हायरसच्या खुणांची यादी स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. दुसऱ्याला तीच यादी व्हायरस वाटू शकते.

दोन, इंटरनेट. कुलूप असलेल्या, म्हणजे एचटीटीपीएस साईटवरचं पान एन्क्रिप्ट होऊन येतं. ते तपासण्यासाठी काही अँटीव्हायरस तुमच्या मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकतात आणि ब्राउझर व साईट यांच्या मधे बसतात. अशा जागी दोघे बसले, किंवा अर्धवट काढलेल्या एकाचं सर्टिफिकेट मागे राहिलं, की बँकेची साईट "सुरक्षित नाही" म्हणून उघडतच नाही.

तीन, फायरवॉल. एकाने एखाद्या प्रोग्रामला परवानगी दिली तरी दुसरा अडवतो. तुम्ही पहिल्याच्या सेटिंगमध्ये तासभर शोधत बसता, आणि अडवणारा भलताच असतो.

हे फक्त कागदावरचं आहे का?

नाही. सुरक्षा प्रोग्राम किती आत असतात आणि तिथे काही बिनसलं तर काय होतं, हे गेल्या काही वर्षांत जगाने बघितलंय.

जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या कमतरता जाहीर झाल्या. मायक्रोसॉफ्टने लगेच अपडेट आणला, पण काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत परवानगी नसलेल्या पद्धतीने हात घालत असल्याने तो टाकल्यावर निळी स्क्रीन येऊन मशीन बंद पडू शकत होतं. मग मायक्रोसॉफ्टने अट घातली. अँटीव्हायरसने रजिस्ट्रीत "मी सुसंगत आहे" अशी ठरलेली नोंद करायची, तरच सुरक्षा अपडेट मिळेल. म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलेल्या प्रोग्राममुळे सुरक्षेचाच अपडेट अडकला! विंडोज १० साठी ही अट मार्च २०१८ मध्ये काढली.

एप्रिल २०१९ मध्ये विंडोजचा महिन्याचा अपडेट आल्यावर सोफोस, अविरा, अवास्ट, मॅकॅफी यांचे काही प्रॉडक्ट असलेली मशीन अडकायला किंवा फार हळू सुरू व्हायला लागली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला फायरफॉक्स ६५ आल्यावर अवास्ट आणि एव्हीजी वापरणाऱ्यांना एचटीटीपीएस साईटवर सर्टिफिकेटचे एरर यायला लागले. मोझिलाला विंडोजवरचं ऑटोमॅटिक अपडेट काही काळ थांबवावं लागलं.

आणि १९ जुलै २०२४ तर आठवतच असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली. भारतात काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हे दोन अँटीव्हायरसचं भांडण नव्हतं, एकाच प्रोग्रामची चूक होती. पण कर्नलमध्ये बसलेल्या एका प्रोग्रामची चूक एवढी महाग पडते, तर तिथे दोन-तीन कशाला बसवायचे? त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही अँटीव्हायरस कर्नलच्या बाहेरून चालवता यावेत यासाठी काम सुरू केलंय.

डिफेंडर समजूतदार आहे, पण...

विंडोजमध्ये सिक्युरिटी सेंटर नावाचा एक हजेरीपट असतो. बाहेरचा अँटीव्हायरस इन्स्टॉल झाला की तो तिथे नाव नोंदवतो. ते नाव दिसलं की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. बाहेरचा गेला की तो परत कामावर येतो. म्हणून "डिफेंडर आणि एक बाहेरचा" ही जोडी सहसा भांडत नाही. भांडतात ते दोन बाहेरचे.

पण या व्यवस्थेत एक फट आहे. बाहेरच्या अँटीव्हायरसची मुदत संपली पण तो मशीनवरच आहे, किंवा तो अर्धवटच निघालाय आणि हजेरीपटावर त्याचं नाव तसंच आहे. अशा वेळी कधीकधी डिफेंडरला वाटतं की समोरचा बघतोय, आणि समोरचा तर कधीच झोपलाय. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं! कॉम्प्युटर स्लो होणं दिसतं तरी. ही उपासमार दिसत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची.

माझ्या आतेभावाच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. लॅपटॉपसोबत आलेली एक ट्रायल आणि दुकानातून घेतलेला दुसरा अँटीव्हायरस, दोन्ही एकाच वेळी चालू. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी सीईटी सेलच्या साईटवर कागदपत्रं अपलोड करायची होती आणि पान मधेच अडकत होतं. शेवटच्या दिवशी त्याने दोन्हींचं प्रोटेक्शन बंद केलं आणि अपलोड झालं. "नंतर चालू करतो" म्हणाला आणि विसरला. तीन महिन्यांनी मी बघितलं तेव्हा ट्रायल संपलेली, दुसऱ्याचं प्रोटेक्शन बंदच आणि डिफेंडर बाजूला. त्याच लॅपटॉपवर घरातल्या दोघांचं नेट बँकिंग चालू होतं. नशीब, काही झालं नाही. पण ते नशीबच होतं.

लक्षणं कशी ओळखायची?

खालच्यातली दोन-तीन एकदम दिसली तर संशय घ्या:

• फाइल कॉपी करताना किंवा झिप उघडताना मशीन अडकतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये दोन वेगवेगळे सुरक्षा प्रोग्राम प्रोसेसर आणि डिस्क खात असतात.
• चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण पुढची काही मिनिटं काहीच उघडत नाही.
• नवीन प्रोग्राम टाकल्यापासून किंवा अपडेट झाल्यापासून निळी स्क्रीन येते.
• एका ब्राउझरमध्ये साईट उघडते, दुसऱ्यात सर्टिफिकेटचा एरर येतो.
• तीच फाइल सारखी पकडली जाते, काढली जाते, परत पकडली जाते.
• विंडोज अपडेट दरवेळी एकाच टप्प्यावर फसतं.

पण थांबा. हीच लक्षणं हार्ड डिस्क खराब होत आली तरी दिसतात, रॅम कमी असली तरी दिसतात आणि खरा व्हायरस असला तरी दिसतात. म्हणून अंदाजाने काहीही उडवू नका. क्रमाने जाऊ.

पायरी ०: हे आधी

महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्ह किंवा क्लाउडवर कॉपी करा. विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याची की आणि बिल शोधून ठेवा.

आणि एक गोष्ट करू नका. अँटीव्हायरसचं नाव आणि "कस्टमर केअर नंबर" असं गूगलवर शोधून मिळेल त्या नंबरवर फोन लावू नका. असे खोटे नंबर टाकून लोकांना जाळ्यात ओढणाऱ्या टोळ्या आहेत. समोरचा एनीडेस्कसारखं रिमोट ॲप टाकायला लावतो आणि तुमच्या समोर तुमचं खातं रिकामं करतो. नंबर हवाच असेल तर तो कंपनीच्या अधिकृत साईटवरून किंवा बिलावरून घ्या. तसं काही घडलंच तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे रोखण्याची शक्यता जास्त.

पायरी १: हजेरी घ्या

स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" शोधून उघडा. खाली डावीकडे सेटिंग्जचं चिन्ह आहे, तिथे "मॅनेज प्रोव्हायडर्स" वर क्लिक करा. अँटीव्हायरस आणि फायरवॉल म्हणून कोणाकोणाची नावं आहेत आणि कोण चालू, कोण बंद, ते इथे दिसतं. फोनने फोटो काढून ठेवा.

मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स अशी यादी उघडा आणि तारखेनुसार लावा. सुरक्षा, क्लीनर, बूस्टर, व्हीपीएन, वेब सेफ्टी असं नाव असलेलं सगळं कागदावर उतरवा. हजेरीपटावर नाव नसलेले भिडूही असतात, ते इथे सापडतात.

पायरी २: भांडण कधी सुरू झालं?

स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्ट्री" शोधा. एक आलेख उघडेल. कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, कोणता अपडेट आला, काय क्रॅश झालं, सगळं तारखेनुसार. लाल फुली पहिल्यांदा कोणत्या दिवशी दिसली ते बघा आणि त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी काय टाकलं होतं ते बघा. फार लोकांना हे पान माहीत नसतं, पण अर्धा गुंता इथेच सुटतो. आतेभावाच्या लॅपटॉपवर पहिली लाल फुली दुकानातला अँटीव्हायरस टाकला त्याच संध्याकाळची होती.

इथे काहीच जुळलं नाही, तर डिस्क किंवा रॅमकडे संशय वळवा.

पायरी ३: एकच निवडा

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. रिअल-टाइम प्रोटेक्शन एकाचंच ठेवायचं.

कोणाचं? पैसे भरून घेतलेला आणि मुदत बाकी असलेला चांगला अँटीव्हायरस असेल, तर तो ठेवा. ट्रायल असेल, मुदत संपली असेल किंवा कोणी टाकला तेच माहीत नसेल, तर तो काढा आणि डिफेंडरवर राहा. विंडोज वेळच्या वेळी अपडेट करणाऱ्या साध्या घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरतो. दोन्हींचा वैताग आला असेल तर दोन्ही काढा, एक आठवडा फक्त डिफेंडरवर चालवा आणि मग ठरवा. मशीन तरीही तसंच अडकत असेल तर भांडण अँटीव्हायरसचं नव्हतंच, हेही त्यातून कळतं.

पायरी ४: नीट काढा

अँटीव्हायरस स्वतःला सहज काढू देत नाही, आणि तो तसा असायलाच हवा. नाहीतर व्हायरसनेच त्याला काढलं असतं. म्हणून साध्या अनइन्स्टॉलनंतरही ड्रायव्हर, सर्टिफिकेट असं काहीतरी मागे राहू शकतं. क्रम असा ठेवा:

१. काढायच्या अँटीव्हायरसच्या अधिकृत साईटवरून त्याचं रिमूव्हल टूल आधी डाउनलोड करा. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, ईसेट अशा कंपन्या आपापलं टूल फुकट देतात. कोणत्याही तिसऱ्याच साईटवरून घेऊ नका.
२. स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधून एक रिस्टोअर पॉइंट बनवा.
३. सेटिंग्जमधून साधं अनइन्स्टॉल करा. "सेटिंग्ज ठेवायच्या का?" असं विचारलं तर नाही म्हणा.
४. रिस्टार्ट करा. शटडाउन करून चालू करणं आणि रिस्टार्ट यात फरक आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल पूर्ण नव्याने सुरू होत नाही, रिस्टार्टमध्ये होतो.
५. आता रिमूव्हल टूल चालवा आणि परत रिस्टार्ट करा.
६. एका वेळी एकच प्रोग्राम काढा. दोघांना एकदम हात घातलात तर कोणाच्या जाण्याने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

मशीन इतकं अडकतंय की अनइन्स्टॉलच होत नाही? मग सेफ मोड. शिफ्ट दाबून ठेवून रिस्टार्टवर क्लिक करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट असं जा आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये बाहेरचे बहुतेक ड्रायव्हर सुरू होत नाहीत, त्यामुळे भांडणारे गप्प असतात. मात्र त्याआधी एक काळजी घ्या. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि इथे बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, ते फोनवरून आधीच बघून ठेवा. नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर अडकाल.

आणि हो, प्रोग्राम काढला म्हणून सबस्क्रिप्शन थांबत नाही. कार्डवर किंवा यूपीआयवर ऑटोपे लावलेला असेल तर तो वेगळा रद्द करा.

पायरी ५: राखणदार जागा आहे का, ते तपासा

ही पायरी सगळेच विसरतात. मशीन पळायला लागलं की आपण खूश होऊन उठतो.

परत "मॅनेज प्रोव्हायडर्स" उघडा. एकच अँटीव्हायरस चालू दिसायला हवा. डिफेंडर निवडला असेल तर "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" मध्ये रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू आहे का आणि व्हायरसची यादी आजची आहे का, ते बघा. मग विंडोज अपडेट चालवा. अडकलेला अपडेट बरेचदा आता सुटतो.

खात्री करायची असेल तर ईकारची टेस्ट फाइल वापरा. ही अवघ्या ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. ती व्हायरस नाही, पण तिला बघून ओरडायचं असं अँटीव्हायरस कंपन्यांनी आपसात ठरवलेलं आहे. ईकारच्या अधिकृत साईटवरून ती डाउनलोड करून बघा. अँटीव्हायरसने अडवली तर राखणदार जागा आहे. बिनबोभाट डाउनलोड होऊन तशीच पडून राहिली, तर काहीतरी चुकलंय.

साईटवर सर्टिफिकेटचा एरर अजून येतोय? एरर पानावर किंवा पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट कोणी दिलंय ते बघा. काढलेल्या अँटीव्हायरसचं नाव तिथे दिसलं तर तो पूर्ण निघालेला नाही. रिमूव्हल टूल परत चालवा.

दुसरं मत हवंच असेल तर?

डॉक्टरचं दुसरं मत घेतो तसं अँटीव्हायरसचंही घेता येतं. फक्त दुसऱ्याला गेटवर उभं करायचं नाही, कधीतरी बोलवायचं आणि काम झालं की पाठवून द्यायचं. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर असंच आहे. डाउनलोड करा, स्कॅन करा, संपलं. डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी ते चालतच नाही, परत नवीन घ्यावं लागतं. मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्तीही मागणीनुसार स्कॅन करण्यासाठी वापरता येते, मात्र तिची प्रीमियम ट्रायल चालू झाली तर तीही रिअल-टाइम होते, तेवढं लक्ष ठेवा.

बाहेरचा अँटीव्हायरस ठेवला असेल तरी डिफेंडरकडून अधूनमधून स्कॅन करून घेता येतं. "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" मध्ये डिफेंडरच्या ऑप्शन्सखाली "पिरिऑडिक स्कॅनिंग" चालू करा.

भांडण वाटतं, पण नसतं

काही गोष्टी हुबेहूब भांडणासारख्या दिसतात:

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. डिफेंडरची ही रॅन्समवेअरविरोधी सोय चालू असेल तर गेम किंवा फोटो एडिटरला डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करता येत नाही. ती बंद करू नका, त्या एका प्रोग्रामला परवानगी द्या.

मेमरी इंटिग्रिटी. विंडोज सिक्युरिटीत "डिव्हाइस सिक्युरिटी" खाली हे बंद दिसलं आणि चालू होत नसलं, तर तिथेच न चालणाऱ्या ड्रायव्हरची नावं येतात. त्यात कधीकधी तुम्ही फार पूर्वी काढलेल्या सुरक्षा प्रोग्रामचा जुना ड्रायव्हर सापडतो.

व्हीपीएनचा किल स्विच. व्हीपीएन तुटलं की नेट बंद करणं हे त्याचं कामच आहे. दोष मात्र अँटीव्हायरसच्या फायरवॉलवर जातो.

खोट्या सूचना. उजव्या कोपऱ्यात "तुमचा अँटीव्हायरस संपला, ५ व्हायरस सापडले" असं येतं, आणि तो अँटीव्हायरस तुमच्याकडे कधी नव्हताच. ही बरेचदा ब्राउझरची नोटिफिकेशन असते. कोणत्यातरी साईटला आपण "अलाऊ" केलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साईटची नोटिफिकेशन बंद करा. पैसे भरायचे नाहीत, काही डाउनलोड करायचं नाही.

मग फोनवर दोन अँटीव्हायरस चालतील का?

अँड्रॉइडची रचना वेगळी आहे. तिथे प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत बंद असतं. याला सँडबॉक्स म्हणतात. अँटीव्हायरस ॲपलाही कर्नलमध्ये शिरता येत नाही, त्यामुळे निळ्या स्क्रीनसारखं भांडण तिथे होत नाही. पण त्याचाच अर्थ असा की ते ॲप कॉम्प्युटरवरच्या अँटीव्हायरसइतकं खोल काही तपासूही शकत नाही. गूगल प्ले प्रोटेक्ट फोनमध्ये आधीच आहे. आणखी दोन टाकून मिळतात त्या बहुतेक नोटिफिकेशन आणि कमी चालणारी बॅटरी.

एक खटका मात्र फोनवरही होतो. अँड्रॉइडमध्ये एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. काही सुरक्षा ॲप आणि ॲड ब्लॉकर साईट तपासण्यासाठी फोनमध्येच एक व्हीपीएन बनवतात. तुम्ही दुसरं व्हीपीएन चालू केलं की पहिल्याचं संरक्षण बंद होतं. फोनवर एखाद्या साईटचा त्रास होत असेल तर आधी हेच बघा.

थोडक्यात

रिअल-टाइम प्रोटेक्शन एकाचंच. दुसरा हवा असेल तर फक्त स्कॅनपुरता. काढताना एकेक करून, अधिकृत टूलने, रिस्टार्ट करून. आणि उठण्याआधी राखणदार जागा आहे ना, ते बघायचं.

आज घरी गेलात की फक्त पायरी १ करा, पाच मिनिटांचं काम आहे. "मॅनेज प्रोव्हायडर्स" उघडा आणि एक तरी नाव खरंच चालू आहे का, ते बघा. दोन निघाली तर काय करायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे. एकही चालू नसेल, तर बँकेची साईट उघडण्याआधी हे काम करा.